मीटरवर न दिसणारे आयुष्य : वापरलेल्या एसयूव्हींच्या इंजिनांचा आढावा

वापरलेल्या मोटारींच्या बाजारात एसयूव्हीची पारख करताना खरेदीदाराचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे गाडी किती किलोमीटर धावली आहे. आणि विक्रेत्याचे उत्तरही त्याच आकड्याभोवती फिरते. इंजिनाच्या झिजेच्या दृष्टीने हा आकडा अपुरा आहे आणि पुष्कळदा फसवाही आहे. एक लाख किलोमीटर अंतर ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने कापलेल्या गाडीचे इंजिन सुमारे १,६७० तास चाललेले असते, तर तेवढेच अंतर शहरातील कोंडीत ताशी २० च्या सरासरीने कापलेल्या गाडीचे इंजिन ५,००० तास चाललेले असते. दुसऱ्या इंजिनाने तिप्पट काळ काम केलेले असते, त्यातला बराच काळ ते एसीचा भार वाहत जागीच उभे असते, आणि थंड स्थितीत सुरू होऊन पुरते तापण्याआधीच बंद पडण्याचे प्रसंगही त्याच्या वाट्याला अधिक आलेले असतात. तरीही मीटर दोन्ही गाड्यांना एकाच रांगेत बसवतो. मीटर मागे फिरवण्याचा जुना उद्योग हा त्यावर चढलेला आणखी एक थर. म्हणून वापरलेल्या एसयूव्हीच्या इंजिनाचा विचार अंतरापेक्षा वापराच्या पद्धतीपासून सुरू करावा लागतो.

दुसरा भेद पिढीचा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. महाराष्ट्र या वाहनप्रकाराचे माहेरघर आहे. पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमधून १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी बाहेर पडली, तर २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सुमो आणि २००० मध्ये आलेली बोलेरो यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत डिझेल फवारण्याचे काम यांत्रिक पंप करीत असे, नियंत्रणासाठी संगणक नव्हता, आणि जाडेभरडे ऑइल, क्वचित भेसळीचे डिझेल किंवा रेडिएटरमध्ये ओतलेले विहिरीचे पाणी ही इंजिने बऱ्यापैकी पचवीत असत. तालुक्याच्या गावातील गॅरेजांची कारागिरी याच इंजिनांवर घडली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कॉमन रेल पद्धत सर्वत्र आली, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एका सामायिक नळीतून अतिउच्च दाबाने डिझेल पुरवून त्याचा प्रत्येक फवारा संगणकाने ठरवण्याची पद्धत; तिच्यासोबत टर्बोचार्जर स्थिरावला, १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली, आणि इंजिनाभोवती झडपा, संवेदक व गाळण्यांचे जाळे उभे राहिले. आज वापरलेल्या एसयूव्हींत आढळणाऱ्या बिघाडांचा मोठा भाग दुसऱ्या पिढीच्या इंजिनाला पहिल्या पिढीच्या सवयींनी वागवल्यामुळे उद्भवतो, आणि पुढील विवेचनात ही गोष्ट वारंवार समोर येईल.

प्रथम ऑइलचा विचार केला पाहिजे, कारण इतर अनेक बिघाडांचे मूळ तिथेच सापडते. इंजिन ऑइल वंगणाचे काम करतेच, शिवाय ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, काजळी स्वतःत धरून ठेवते, ज्वलनातून तयार होणारी आम्ले निष्प्रभ करते आणि आधुनिक इंजिनात टायमिंग चेनचा ताण राखणाऱ्या टेन्शनरला दाबही पुरवते. ही सर्व कामे त्यातील रासायनिक पूरकांवर अवलंबून असतात आणि ती पूरके कालांतराने संपतात. त्यामुळे उत्पादकाने दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी दुहेरी मुदत दिलेली असेल, तर वर्षाला तीनच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचेही ऑइल वर्षाअखेर बदलावे लागते. नेमके हेच कमी चाललेल्या, वरवर आकर्षक दिसणाऱ्या गाड्यांत टाळलेले आढळते. जुने झालेले ऑइल हळूहळू घट्ट होऊन काळ्या चिकट गाळाचे रूप घेते, हा गाळ ऑइल चेंबरच्या तळाशी असलेल्या जाळीवर बसतो, पंपाला ऑइल पुरेसे मिळत नाही आणि बेअरिंगे कोरडी पडून इंजिन सीझ होते, म्हणजे त्याचे फिरणारे भाग एकमेकांत जखडतात. फॉर्च्युनरच्या पहिल्या आवृत्तीतील तीन लिटर डिझेल इंजिनाच्या घराण्यात याच शेवटाकडे नेणारी एक वेगळी वाट परदेशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, बरीच चर्चिली गेली: इंजेक्टरच्या बुडाशी असलेली तांब्याची चकती गळू लागते, ज्वलनातील वायू ऑइलच्या मार्गात शिरतात, तेथे कोळशासारखा थर साचतो आणि अखेर तीच जाळी बुजते. इतक्या टिकाऊ मानल्या जाणाऱ्या इंजिनाबाबत हे घडू शकते, यावरून मॉडेलच्या लौकिकावर कितपत विसंबावे याचा अंदाज येतो.

ऑइलची निवड ही दुसरी बाब. १५डब्ल्यू-४० हा दाटपणाचा दर्जा जुन्या डिझेल इंजिनांसाठी योग्य होता आणि सवयीने तो अजूनही सर्रास ओतला जातो. परंतु ५डब्ल्यू-३० साठी आखलेल्या इंजिनात असे दाट ऑइल थंड स्थितीत टर्बो आणि चेनपर्यंत उशिरा पोहोचते. बीएस-६ डिझेलमध्ये तर दाटपणा जुळणेही पुरेसे नसते; तेथे जळल्यावर कमी राख उरणारे, कमी राखेचे म्हणून ओळखले जाणारे ऑइल लागते, कारण ही राख धुराच्या गाळणीत कायमची साचते. डब्यावरील किंमत किंवा प्रसिद्ध नाव पाहण्यापेक्षा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जाचा संकेत डब्यावर आहे की नाही, एवढे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

टायमिंगची यंत्रणा, म्हणजे क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला देऊन झडपा नेमक्या क्षणी उघडण्या-मिटण्याची व्यवस्था, काही इंजिनांत रबरी पट्ट्याने तर काहींत धातूच्या साखळीने चालते. गाडी घेताना आपल्या इंजिनात यांपैकी काय आहे हे बहुतेक खरेदीदारांना ठाऊक नसते, आणि हे अज्ञान महागात पडते. डस्टर व टेरानो यांमधील १.५ लिटर डिझेल इंजिनाला पट्टा आहे. हॅरियर, कंपास आणि हेक्टर यांमध्ये वापरलेल्या, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या दोन लिटर डिझेल इंजिनालाही पट्टाच आहे. उलट २०१६ ते २०२० या काळातील ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलला आणि पहिल्या क्रेटाच्या १.६ लिटर डिझेलला साखळी आहे. पट्टा तुटण्यापूर्वी सहसा सूचना देत नाही, आणि तो तुटताच पिस्टन उघड्या झडपांवर आदळून झडपा वाकतात, वरचा हेड उघडावा लागतो आणि खर्च गाडीच्या किमतीच्या डोळ्यांत भरण्याजोग्या हिश्श्यावर जातो. रबर वयानेही कडक होते, त्यामुळे पट्ट्याची मुदत किलोमीटरबरोबर वर्षांतही मोजली जाते. मागील मालकाने पट्टा बदलल्याचे बिल हाती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. पट्ट्याबरोबर त्याच्या पुल्या, टेन्शनर आणि त्याच्यावर फिरणारा पाण्याचा पंपही एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे असते, कारण यातली बरीच मजुरी तिथवर पोहोचण्याची असते. साखळी आयुष्यभर टिकते हा समजही अर्धाच खरा आहे. ऑइलची हयगय झाली की साखळीचे सांधे झिजून ती लांबते, आणि सकाळी गाडी सुरू करताच क्षणभर येणारी खडखड हे त्याचे पहिले लक्षण असते. इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात या दोहोंमधला एक तिसराच प्रकार आहे, ज्यात पट्टा ऑइलमध्ये बुडून फिरतो. चुकीच्या किंवा जुन्या ऑइलने त्याचे रबर सुटू लागते आणि त्याचे कण पुन्हा त्या ऑइल चेंबरच्या जाळीवरच जाऊन बसतात.

शीतकरणाच्या बाबतीत जुन्या सवयींचा प्रभाव सर्वाधिक दिसतो. मोठ्या एसयूव्हीचे वजन दीड ते सव्वादोन टन असते, तिचा पुढचा भाग हवा कापण्यास बोजड असतो, आणि सात माणसे व सामान घेऊन मे महिन्यात कसारा किंवा कुंभार्ली घाट चढताना इंजिनात निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याचे काम रेडिएटरच्या क्षमतेच्या काठावर येते. कुलंट, म्हणजे पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळलेले ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये, दाबाखाली राहिल्याने पाण्यापेक्षा बऱ्याच अधिक तापमानाला उकळते आणि ॲल्युमिनियमच्या भागांचे गंजण्यापासून रक्षण करते. गळती झाल्यावर त्यात बोअरचे पाणी भरत राहिले, तर क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, आतून गंज सुरू होतो आणि पाण्याच्या पंपाची सील खराब होते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा उपाय तर अजूनही अनेक ठिकाणी केला जातो. थर्मोस्टॅट हा इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत कुलंटचा रेडिएटरकडे जाणारा मार्ग बंद ठेवणारा झडपवजा भाग असतो. तो काढल्यावर इंजिन सदैव गार राहते, संगणक ते थंडच आहे असे समजून जास्त इंधन देत राहतो, जास्तीचे इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, आणि मूळ दोष, मग तो चोंदलेला रेडिएटर असो वा निकामी पंखा, झाकला जातो. वापरलेल्या गाडीचा तापमानाचा काटा खूप वेळ खालीच राहत असेल, तर त्याला गाडीचा गुण समजण्याचे कारण नाही.

अति तापण्याचा परिणाम हेड गॅस्केटवर होतो. सिलिंडर ब्लॉक आणि वरचा ॲल्युमिनियमचा हेड यांच्यामध्ये असलेला हा पातळ थर ज्वलन, ऑइल आणि कुलंट यांचे मार्ग वेगळे ठेवतो. हेड तापून किंचित वाकला की हे मार्ग एकमेकांत मिसळतात. कुलंटच्या टाकीत उठणारे बुडबुडे, सायलेन्सरमधून सतत येणारा पांढरा धूर, कारण न सापडता कमी होत जाणारे कुलंट आणि ऑइलचा दुधाळ चहासारखा रंग ही त्याची लक्षणे सर्वज्ञात आहेत, तरी ती एकदम दिसत नाहीत. बहुधा पहिल्या टप्प्यात सकाळी रेडिएटरच्या रबरी नळ्या थंड असूनही फुगलेल्या, ताठ लागतात, एवढेच जाणवते. काटा लाल भागाकडे सरकल्यावर पुढच्या ढाब्यापर्यंत गाडी ओढण्याचा मोह टाळणे, ही या सबंध विषयातील सर्वांत स्वस्त प्रतिबंधक कृती आहे.

इंधनाच्या बाजूने पाहिले तर कॉमन रेलमधील दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पटींच्या घरात असतो, आणि इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक असतात. अशा यंत्रणेला डिझेलमधील पाणी आणि घाण सहन होत नाही, तसेच रॉकेलसारख्या भेसळीने कमी झालेले वंगणगुणही सहन होत नाहीत, कारण पंपाच्या आतील भागांना वंगण पुरवणारे दुसरे काही नसते, खुद्द डिझेलच असते. डिझेल फिल्टर हा म्हणूनच येथे प्राणाइतका महत्त्वाचा भाग ठरतो. त्याच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी उतरवावे लागते आणि डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असताना गाडी चालवणे म्हणजे पंपाच्या झिजेला आमंत्रण देणे होय. इंजेक्टर सदोष झाल्यास थंड असताना गाडी उशिरा सुरू होते, जागेवर थरथरते, काळा धूर सोडते आणि मेस्त्री ज्याला नोझल ठोकणे म्हणतात तसा टकटक आवाज येतो. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलचे प्रमाण बाटल्यांत मोजण्याची चाचणी सोपी व स्वस्त असून खरेदीपूर्वी ती करून घेता येते. एका बाटलीत इतरांपेक्षा ठळकपणे जास्त डिझेल जमा झाले, तर त्या इंजेक्टरची झीज झालेली असते. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा संकेतांक संगणकात भरावा लागतो, ही पायरी गाळली गेल्यामुळे दुरुस्तीनंतरही गाडी नीट न चालल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते.

टर्बोचार्जर आणि ईजीआर यांचा विचार एकत्र करणे योग्य, कारण काजळी दोघांचीही शत्रू आहे. टर्बोची चक्री धुराच्या वेगाने मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरते, तिच्या एका बाजूचे तापमान सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, आणि तिचा दांडा ऑइलच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो. घाट चढून किंवा महामार्गावर वेगात येऊन लगेच चावी फिरवल्यास ऑइलचा पुरवठा थांबतो, आत अडकलेले ऑइल जळून कोळशाचा थर होते आणि बेअरिंग झिजू लागते; थांबण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट इंजिन जागेवर चालू ठेवणे हा यावरचा उपाय इतका साधा आहे की तो पाळला जात नाही. ईजीआर ही झडप धुराचा काही भाग पुन्हा आत घेऊन ज्वलनाचे तापमान उतरवते आणि त्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी होतात. पण धुरातील काजळी आणि क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र येऊन आत येणाऱ्या हवेच्या मार्गावर डांबरासारखा लेप चढवतात. उंच गिअर लवकर टाकून कमी फेऱ्यांवर गाडी रेटण्याची ॲव्हरेज वाचवणारी सवय जुन्या इंजिनांना चालून जात असे; आजच्या डिझेलमध्ये तीच सवय ईजीआर चोंदवते आणि टर्बोतील हलत्या पात्यांना जखडून टाकते. महिन्यातून काही वेळा, इंजिन पुरते तापलेले असताना, मोकळ्या रस्त्यावर मध्यम ते उच्च फेऱ्यांवर सलग काही वेळ गाडी चालवणे त्यांना हितकर असते. ईजीआर पत्र्याने बंद करून टाकण्याचा किंवा संगणकातून निष्क्रिय करण्याचा मार्ग बेकायदा आहे. शिवाय ताकद वाढवण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम बदललेल्या गाडीत क्लच, टर्बो व पिस्टन यांनी किती ताण सोसला आहे, हे नव्या मालकाला कधीच कळत नाही, म्हणून अशी गाडी टाळलेली बरी.

बीएस-६ डिझेल एसयूव्ही आता मोठ्या संख्येने वापरलेल्यांच्या बाजारात येत आहेत, आणि त्यांच्याबरोबर डीपीएफचा प्रश्नही येत आहे. डीपीएफ ही धुरातील काजळीचे कण अडवणारी सिरॅमिकची गाळणी होय. ती भरत आली की संगणक ज्वलनानंतर थोडे जादा डिझेल फवारून धुराचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या क्रियेला पुनरुज्जीवन म्हणता येईल, आणि तिला सलग पंधरा-वीस मिनिटांचे बऱ्या वेगातले चालन लागते. मुलांना शाळेत सोडणे आणि बाजारात जाणे एवढ्याच वापरात ही क्रिया दर वेळी अर्धवट तुटते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवरील ऑइलची पातळी चक्क वाढू लागते. ऑइल कमी होणे ही चिंतेची बाब असते हे सर्वांना माहीत असते, पण ते वाढणे अधिक धोकादायक आहे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना वाचवू शकत नाही, याची जाणीव अजून रुजलेली नाही. ज्या कुटुंबाचा रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा आहे, त्याने दणकट दिसते म्हणून डिझेल एसयूव्ही घेणे हाच मुळात बिघाडाचा आरंभ असतो. कोणत्याही देखभालीने ही विसंगती पूर्णपणे भरून निघत नाही.

बाजारातील जुन्या डिझेल गाड्यांच्या पुरवठ्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध घातला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला; २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईपासून काहीशी सवलत दिली असली, तरी मधल्या काळात तिकडच्या असंख्य डिझेल एसयूव्ही ना-हरकत प्रमाणपत्रासह इतर राज्यांत गेल्या आणि महाराष्ट्रातही आल्या. स्वस्त दराने मिळणारी अशी गाडी वाईटच असते असे नाही. मात्र दिल्लीच्या कोंडीत गेलेली वर्षे मीटरवरील आकड्यापेक्षा कितीतरी अधिक तासांची असतात, आणि विक्रीची घाई असलेल्या मालकाने शेवटच्या वर्षातील सर्व्हिसवर खर्च केला असेल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

पेट्रोल एसयूव्हींकडे वळणाऱ्यांची चिंता निराळी असते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत झडपांच्या पाठीवरून इंधन वाहत नाही, त्यामुळे त्या धुतल्या जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साठतो. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्या आणि जास्त भार असताना मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका असतो, आणि या धोक्याची चाचणी ऑइलच्या एसपी या दर्जात समाविष्ट असल्याने तो दर्जा येथे महत्त्वाचा ठरतो. याशिवाय वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२३ पासून त्याची टप्प्याटप्प्याने विक्री सुरू झाली आणि २०३० चे मूळ उद्दिष्ट पुढे ओढून २०२५ मध्येच ते साध्य झाले. तत्पूर्वीच्या अनेक गाड्या मात्र दहा टक्के मिश्रण गृहीत धरून घडवलेल्या आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडे घटणे अटळच आहे. खरी काळजी जुन्या रबरी नळ्या, सील आणि दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीत शोषल्या जाणाऱ्या ओलाव्याची घ्यावी लागते.

पाण्याचा आणि धुळीचा विषय मराठी प्रदेशात टाळता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन, पुसून दूरच्या बाजारात विक्रीस येतात. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरले की पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण द्रव दाबला जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो किंचितच वाकला असेल तर गाडी पुन्हा सुरू होते, काही महिने चालतेही, आणि मग एके दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. एसयूव्हीची उंची पाण्यातून जाण्याचा आत्मविश्वास देते, पण हवा आत घेण्याचे तोंड किती उंचावर आहे हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय तो आत्मविश्वास निराधार असतो; आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी देऊन पाहणे ही त्यातली सर्वांत नुकसानकारक चूक होय. सीटखालच्या गालिच्याचा दर्प, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेषा आणि फ्यूज पेटीतील हिरवट गंज यांवरून बुडालेली गाडी ओळखता येते. धुळीचे नुकसान संथ असते. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात किंवा गोव्याच्या खाण रस्त्यांवर वापरलेल्या गाडीत एअर फिल्टरची मुदत निम्म्यावर आणावी लागते, आणि तो उच्च दाबाच्या हवेने झाडून पुन्हा वापरल्यास त्याच्या कागदाला सूक्ष्म छिद्रे पडून धूळ थेट सिलिंडरपर्यंत पोहोचते.

खरेदीपूर्व तपासणीत पुढील क्रम उपयुक्त ठरतो. गाडी रात्रभर बंद ठेवलेली असावी आणि बॉनेटला हात लावून ती थंड असल्याची खात्री करूनच सुरू करावी, कारण विक्रेत्याने आधी तापवून ठेवलेले इंजिन आपले बहुतेक दोष लपवते. सुरुवातीची खडखड, धुराचा रंग आणि जागेवरची थरथर पाहिल्यावर ऑइलचे झाकण उघडून खालून येणाऱ्या वाफेचा जोर पाहावा. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि तो भपकारा जोरदार असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. निळा धूर ऑइल जळत असल्याचे दाखवतो. तो टर्बोमुळे की रिंगांमुळे, हे इंटरकूलरची नळी काढून तिच्यात साचलेले ऑइल पाहिल्यास बऱ्याच अंशी उलगडते. संगणकाला स्कॅनर जोडून दोषांकांबरोबरच ते अलीकडेच पुसले आहेत का हे पाहावे, आणि काही गाड्यांत निरनिराळ्या भागांच्या संगणकांत वेगवेगळी नोंदलेली अंतरे मीटरशी जुळतात का हेही पाहावे. कागदपत्रांत सर्व्हिसची बिले, विम्याच्या दाव्यांचा इतिहास आणि परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीवरील मालकांची संख्या या तीन गोष्टी एकमेकींना पडताळून पाहता येतात. पूर्ण इतिहास असलेली दीड लाख किलोमीटरची महामार्गावरची गाडी, इतिहास नसलेल्या पन्नास हजारांच्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा अधिक भरवशाची असते.

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल, सर्व फिल्टर आणि कुलंट बदलणे, पट्टा असल्यास त्याचा निकाल लावणे आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहणे, हा खर्च गाडीच्या किमतीतच धरला पाहिजे. पहिल्या काही हजार किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा एकदा बदलावे, कारण नव्या ऑइलमधील स्वच्छकारके जुना गाळ सोडवून आणतात. मात्र गाळाने भरलेल्या जुन्या इंजिनात तीव्र फ्लशिंग द्रव वापरण्याची घाई करू नये, सुटलेले तुकडे जाळीवर अडकण्याचा धोका त्यात असतो. त्यानंतर दर पंधरवड्याला डिपस्टिक आणि कुलंटची टाकी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

एवढे करूनही इंजिन बांधण्याची वेळ आली, तर मालकासमोर तीन पर्याय असतात: मूळ इंजिन पूर्ण उघडून नव्या रिंगा, बेअरिंगे व गॅस्केटांसह जोडणे, उत्पादकाकडून नवे इंजिन घेणे, किंवा भंगारात निघालेल्या गाडीचे इंजिन बसवणे. तिसरा पर्याय स्वस्त असल्याने लोकप्रिय आहे, पण त्या इंजिनाचाही भूतकाळ अज्ञातच असतो. पहिल्या पर्यायात कामाचा दर्जा मोजमापावर ठरतो. सिलिंडरच्या बोअरचा व्यास आणि क्रँकची झीज मायक्रोमीटरने मोजून लिहून देणारे गॅरेज निवडावे, आणि हेड समतल आहे की नाही ते तपासल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नये. इंजिन बदलले तर त्याच्यावर कोरलेला क्रमांकही बदलतो, म्हणून त्याचे बिल जपून ठेवून परिवहन कार्यालयात नव्या क्रमांकाची नोंदणी पुस्तकावर नोंद करून घ्यावी लागते. तसे न केल्यास पुढील विक्रीच्या वेळी, आणि अपघातानंतर विम्याचा दावा करताना, गाडीचे कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही.